शहागंजचे अप्पाराव आणि आतली शिवण

अप्पारावांनी शिवलेली पॅन्ट जांघेत उसवत नाही, हे चिकलठाण्याच्या कारखान्यांतले कामगार तीस वर्षांपासून एकमेकांना सांगत आलेत. मशीनखाली उकिडवं बसा, शिडीवर टांग टाका, ट्रकच्या फाळक्यावर चढा. कापड विरेल, गुडघे पांढरे पडतील, पण आतली शिवण जागची हलणार नाही. यातलं गुपित अप्पारावांनी कधी लपवलं नाही. कापडाच्या दोन्ही कडा एकीत एक दुमडायच्या आणि वरून तीनदा मशीन फिरवायचं. बोटाखाली ती शिवण सुतळीसारखी लागते. शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यामागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. नवं गिऱ्हाईक आलं की त्याचं बोट धरून ते शिवणीवरून फिरवतात.

त्या जानेवारीत मात्र सहा पॅन्टी परत आल्या.

आणल्या विश्वजीतनं. शेंद्र्याच्या काकासाहेबांचा हा मुलगा कंपनीत इंजिनिअर आहे. वडिलांनी हौसेनं आठ घोडी सांभाळली आहेत. सुटीच्या दिवशी शहरातल्या नवख्या पुरुषांना त्यांच्यावर बसवून करमाडच्या पुढच्या डोंगरापर्यंत न्यायचं, असं त्यानं नुकतंच सुरू केलं होतं. त्या पहिल्या सहा जणांच्या पॅन्टी अप्पारावांनी शिवल्या होत्या, जाड ड्रिलच्या, तीनदा मशीन मारून.

विश्वजीतनं गठ्ठा फळीवर ठेवला. "अप्पा, शिवण कुठंच उसवली नाय."

"मग?"

"माणसं उसवली."

दोन तासांत सहाही जणांच्या मांड्या आतून सोलल्या होत्या. पट्टीनं आखावी तशी सरळ लाल रेघ. दोघं लगाम हातात धरून पायी चालत आले. एक औषधाचा दुकानदार होता. तो फोन करून आपल्याच दुकानातून मलम मागवत होता.

"पंधरा दिवसांनी परत निघायचंय," विश्वजीत म्हणाला. "तवर तुमच्याकडून जमलं तर बघा. नायतर पुण्याहून तयार मागवतो. राग नका मानू."

अप्पाराव रागावले नाहीत. त्यांनी एक पॅन्ट उलटी केली, शिवणीवरून बोट फिरवलं. ती होती तशीच होती, टणक आणि सरळ. जिच्यामुळं नाव झालं तिनंच माणसं सोलावीत, हे त्यांना पटत नव्हतं आणि खोटंही म्हणता येत नव्हतं. अठ्ठावन्न वर्षांत ते घोड्यावर कधी बसले नव्हते. लग्नातसुद्धा नाही.

दोन दिवस मशीन चालत राहिलं, पण मन तिथं नव्हतं. पायपट्टीवर पाय खाली-वर होत होते आणि दुपारच्या उन्हात डोळे जड झाले की आपण कशावर तरी बसून कुठं तरी निघालोय असं त्यांना वाटायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खुंटीवरचा पांढरा पायजमा काढला.

"आज कुठली वंदना?" त्यांच्या बायकोनं, मालनबाईंनी विचारलं.

"वंदना नाय. शेंद्र्याला चाललो. घोड्यावर बसायला."

मालनबाई भाकरी थापायच्या थांबल्या. "विहारात जायचा पायजमा घालून? अहो, घोड्याला काय त्रिशरण शिकवणार हायेत का?"

"पांढऱ्यावर डाग दिसतो," अप्पाराव म्हणाले. "कुठं घासतंय ते मला बघायचंय."

"डाग बघायचा म्हणून पांढरं घालणारा माणूस पहिल्यांदाच बघते," असं म्हणून बाईंनी भाकरी तव्यावर टाकली.

शेंद्र्यात काकासाहेब गोठ्यासमोर खाटेवर बसले होते. त्यांनी पाहुण्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "या मास्तर. खिशात काय हाय?"

"फोन हाय. किल्ल्या."

"काढा. घोड्यावर खिसा रिकामा पाहिजे. जे खिशात ऱ्हातं ते मांडीत घुसतं. चपला पण काढा. हे बूट घाला. टाच आहे ना थोडी, तिच्यामुळं पाय रिकिबीत आरपार जात नाय. पडला आन् पाय अडकला तर घोडं फरपटत नेतं. आन् हे डोक्यावर." त्यांनी हेल्मेट पुढं केलं. "पोरगं म्हणतं घालाच. मी आयुष्यभर डोक्याला नुसता पटका बांधून बसलो, पण पोराचं ऐकतो आता."

चांदणी नावाची म्हातारी घोडी आणली. कपाळावर पांढरा ठिपका, डोळे अर्धे मिटलेले. काकासाहेबांनी खोगिराचा पट्टा आवळला, अप्पारावांना चढवलं, आणि स्वतः दुसऱ्या घोडीवर बसून पुढं झाले.

पहिला अर्धा तास अप्पाराव फक्त घाबरले होते. मग भीती हळूहळू ओसरली. कच्ची वाट शाळू ज्वारीच्या मधून जात होती. दोन्ही बाजूंना कणसं खोगिराच्या उंचीवर होती आणि धुकं अजून पुरतं उठलेलं नव्हतं. चांदणीची पाठ एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं कलत होती. हा ठेका अप्पारावांच्या पायांना माहीत होता. तीस वर्षं पायपट्टीवर तो त्यांनी असाच धरला होता. फरक इतकाच, की तिथं कापड पुढं सरकायचं आणि हे मशीनपाशीच राहायचे. इथं ते स्वतः पुढं सरकत होते. बांध येत होते, मागं जात होते. हरभऱ्याच्या सऱ्या एका मापानं टाके घातल्यासारख्या लांबवर गेल्या होत्या. मागं कारखान्यांच्या चिमण्या धुक्यात विरल्या. आपण झोपलोय की जागे आहोत हे त्यांना थोडा वेळ सांगता आलं नसतं. उस्ताद डोळ्यांसमोर आले. याच शहागंजात त्यांना कात्री धरायला शिकवणारे, पान खाऊन लाल झालेले उस्ताद. ते कापडाचा एक लांबट तुकडा हातात धरून काहीतरी दाखवत होते. काय, ते कळायच्या आत मांडीला चटका बसला.

"लागलं का?" काकासाहेबांनी मागं न बघता विचारलं.

"लागतंय. तुम्हाला कसं कळलं?"

"मघापासून गप होता. आता हुं केलं."

परत येईपर्यंत तीन तास झाले होते. अप्पाराव पाय फाकवून बसस्टॉपपर्यंत गेले आणि शहागंजपर्यंत बसमध्ये उभे राहिले. सीट रिकामी होती.

घरी आल्यावर त्यांनी पायजमा धुवायला दिला नाही. ब्लेड घेतलं आणि बाहेरच्या शिवणी उसवल्या, मग कमरेपासून जांघेकडं येणारी पुढची-मागची उसवली. मालनबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"पौर्णिमेला काय घालणार?"

"दुसरा शिवतो."

"तुमचं तेवढं बरंय. दुसऱ्याच्या अंगावरचं फाटू नाय म्हणून आपलं फाडायचं."

मांडीच्या आतल्या शिवणी आणि जांघेत त्या जुळतात तेवढा जोड ठेवून त्यांनी कापड जमिनीवर सपाट पसरलं. घोडीचा घाम, धूळ आणि खोगिराचं तेल यांचा डाग त्यावर स्वच्छ उठला होता. एका गुडघ्यापासून निघून, जांघेतून, दुसऱ्या गुडघ्यापर्यंत. मध्ये रुंद, दोन्ही टोकांना निमुळता, लांब पानासारखा. आणि त्या पानाच्या बरोबर मधोमध शिरेसारखी गेली होती त्यांची शिवण. पायजमाही त्यांनी स्वतःच शिवलेला, तीनदा मशीन मारून.

आता उस्तादांच्या हातातला तुकडा त्यांना आठवला. ती मियानी होती. जुन्या सुरवारींना दोन पायांच्या मध्ये एक वेगळा तुकडा जोडत, त्याला उस्ताद मियानी म्हणत. पॅन्टी आल्या आणि तो तुकडा गेला. कारखान्याच्या गणवेशात त्याला कुणी विचारलं नसतं, कापडही जास्त लागतं.

अप्पारावांनी डागाभोवती निळ्या खडूनं रेघ ओढली. तिच्या बाहेर चार बोटं सोडून दुसरी ओढली. दुसऱ्या रेघेवर कापलं की मियानीचं माप तयार होतं, गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत एकसंध. शिवणी आता मांडीच्या पुढं आणि मागं गेल्या, जिथं खोगीर लागत नाही. ड्रिल बाजूला ठेवून त्यांनी ताणलं तर ताणलं जाणारं सुती कापड घेतलं. मशीन एकदाच फिरवलं. शिवण बोटाला लागली नाही तेव्हा हाताला सवयीनं दुसऱ्यांदा फिरवावंसं वाटलं. त्यांनी पाय उचलून घेतला.

पंधराव्या दिवशी ते शेंद्र्याला गेले, तर जुन्यांपैकी पाच जण हजर होते आणि पाचही जण त्यांच्याकडं संशयानं बघत होते. औषधाच्या दुकानदारानं मलमाची डबी वर करून दाखवली.

"अप्पा," विश्वजीत हळूच म्हणाला, "तुमची नवी पॅन्ट कुणी घालायला तयार नाय. म्हणतात, आधी मास्तरला घालू द्या."

"घालूनच आलोय," अप्पाराव म्हणाले. "चांदणी कुठाय?"

बाकीचे आपापल्या ट्रॅकपँट नि जीन्समध्ये निघाले. करमाड मागं पडलं. ऊन चढलं. पुन्हा तो ठेका, पुन्हा त्या सऱ्या. डोंगर निळा होता तो जवळ येत तपकिरी झाला. विश्वजीत दोनदा घोडं बाजूला घेऊन विचारून गेला, "बरंय ना?" अप्पारावांनी दोन्ही वेळा मान हलवली. दुकानदार चौथ्या तासाला रिकिबीत उभा राहून चालवू लागला.

पायथ्याशी काकासाहेब जीपमधून जेवण घेऊन आधीच पोचले होते. पाच जण कण्हत उतरले. अप्पाराव बसूनच राहिले.

"काय मास्तर, शिवण काय म्हणते?"

अप्पारावांनी चांदणीच्या मानेवर हात फिरवला. "पॅन्टीचं ध्यानच राहिलं नाय हो. मी दुसरंच बघत होतो."

"काय बघत होता?"

"काय की. चाललो होतो नुसता."

दुकानदार चांदणीजवळ आला, हात लावू का असं त्यानं रीत म्हणून विचारलं आणि अप्पारावांच्या गुडघ्याशी कापड चिमटीत धरून पाहिलं. शिवण शोधत त्याचं बोट वर सरकलं, तिथं काही सापडलं नाही. "माझं माप पुन्हा घ्या," तो म्हणाला. मागून आणखी दोघं आले.

"घेतो. उतरू द्या."

पण ते लगेच उतरले नाहीत. डाव्या पिंढरीपाशी काहीतरी चुरचुरत होतं. रिकिबीचा चामडी पट्टा तिथं घासत आला होता. मांडी शांत झाल्यावर ते आता कळत होतं. काकासाहेबांनी सांगूनही एक गोष्ट ते खिशात ठेवून आले होते. त्यांनी निळा खडू काढला, वाकले आणि पट्टा जिथं लागत होता तिथं, अंगातल्या पॅन्टवरच, एक रेघ ओढली.