टकल्याची केसांची शेती

प्रयोगशाळेत त्यांना सगळे अन्नदाते म्हणत. पेशींना वेळच्या वेळी खाऊ घालणं हीच त्यांची नोकरी. शिवाय स्वतःचा डबा उघडला, की समोरच्याला गळ्यापर्यंत कोंबल्याशिवाय सोडत नसत. डोक्यावर चकचकीत टक्कल, आणि काम मात्र केस वाढवण्याचं. "माझे सगळे केस पेशींच्या या ताटल्यांत खर्ची पडले," असं ते स्वतःच सांगून टाकत, म्हणजे दुसऱ्या कुणाला ते म्हणायची सोय उरत नसे.

इथले केस डोक्यावरचे नव्हेत; केस म्हणजे पेशीच्या अंगावरचा एकुलता एक सूक्ष्म तंतू. बाहेर काय चाललंय, याचा कानोसा पेशी त्यातून घेते. तंतूच्या आत काहीच तयार होत नाही. हमाली करणारी प्रथिनं पेशीतून माल उचलून शेंड्यापर्यंत नेतात, झिजलेला खाली आणतात. त्यांनी हात आखडला, की तंतू खुंटलाच. गंमत म्हणजे भरल्या पोटाची पेशी हा तंतू गुंडाळून टाकते आणि नुसती वाढत सुटते. उपाशी ठेवली, की थांबते आणि तंतू बाहेर काढते. हे उपाशी ठेवणंच अन्नदात्यांच्या जिवावर यायचं.

बायको गेल्यापासून घरात ते आणि लेक, दोघंच. लेकीला दूरच्या गावी नोकरी लागत होती. "बाबा, मला बोलायचंय," ती म्हणाली, की हे "आधी खाऊन घे" म्हणत ताट पुढे सरकवायचे. तोंड भरलेलं असलं तर 'मी जाते' कसं म्हणणार? एवढी अक्कल पाजळून त्यांनी आठवडा ढकलला.

शेवटी तिनं लॅबमध्येच फोन केला. "मला परवा नोकरीचं कळवायचंय. उद्या तिकडेच येते. तिथे तरी खायला मनाई आहे ना?"

त्यांनी फोन ठेवला. समोर उपाशी पेशींची ताटली होती. त्यांना भरून आलं. त्यांनी ताटलीत पौष्टिक द्रव ओतला, तेव्हा कुठे जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पेशींवर चमकता हिरवा रंग चढवून त्यांनी लेकीला ऐटीत मायक्रोस्कोपसमोर बसवलं. "दिसतात का हिरवे केस?"

"एकही नाही, बाबा."

त्यांनी डोकावून पाहिलं. साफ मैदान.

"खायला घातलंत ना यांना?"

"काल... थोडंसंच गं."

ती पोट धरून हसली. "सगळ्या तुमच्यावर गेल्यात!"

"टकलाचं काही नाही," ते डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "पण ठार बहिऱ्याही झाल्यात. माझ्यासारख्याच." त्यांनी स्टूल ओढलं. त्यांना फार भीती वाटत होती. "बोल."

ती त्यांच्याकडे वळून म्हणाली, "नोकरीला मी केव्हाच हो म्हटलं असतं. मी गेल्यावर तुम्ही एकटे जेवाल का, एवढंच विचारायचं होतं."

अन्नदात्यांनी मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला.

"जेवेन," ते म्हणाले. "तू हो म्हणून कळव."