हिरव्या लुगड्याची चौकट

छगन पेंटर धुळ्याहून आला तेव्हा भिकुबाई ओट्यावर नवऱ्याला पेज भरवत होती. छगननं सायकल भिंतीला टेकवली.

"अक्का, जत्रेत वना आबांची जिनगानी चित्रांतून मांडायचीय. गावपंचांनी सांगितलंय."

पत्र्यांवर एकापुढे एक चौकटी. स्टेशनवर चित्रकथेची पुस्तकं मिळतात ना, तशा. माणसाच्या तोंडातून फुगा, फुग्यात त्याचं बोलणं.

तिचा नवरा वना म्हणजे एके काळची तमाशातली राणी. स्त्रीपार्ट असा की साऱ्या खान्देशात नाव. आता अर्धं अंग लुळं, जीभ जड. खाटेवरून तो छगनकडे टुकूटुकू बघत होता.

"मी काय सांगू भाऊ?" भिकुबाई म्हणाली. "तो गावोगाव फिरे, मी चूलपाशी."

पण सांगायला लागली, आणि पेज गार झाली.

लग्नाला तीन महिने झाले असतील. पांझरा नदी ओलांडताना फडाची ट्रंक पाण्यात पडली, साऱ्या साड्या भिजल्या. खेळ गावातच. वना धावत घरी आला, "तुनं लग्ननं लुगडं दे!" हिरवंगार, एकदाच नेसलेलं. तिनं पेटीतून काढून दिलं. बायांनी तमाशा बघायची रीत नव्हती, म्हणून ती शेजारणीबरोबर घराच्या धाब्यावर पालथी पडून लांबून बघत होती. वना येऊन उभा राहिला आणि सगळं मैदान चिडीचूप झालं. शेजारीण कुजबुजली, "काय रूप शे वं बाईनं!" लुगडं कुणाचं, ते एकट्या भिकुबाईला ठाऊक.

"नवऱ्याच्या सगळ्या नावलौकिकात तेवढंच मनं सोतानं," ती म्हणाली. "तेवढी चौकट काढ भाऊ."

"उभे कसे राहिले होते?"

भिकुबाईनं वाटी खाली ठेवली. उठली. भार डाव्या पायावर, हात कमरेवर, मान कलती. खाटेवरून घोगरा आवाज आला.

"मान... आखो."

तिनं मान आणखी कलती केली. छगनचा खडू सरसर चालला.

जत्रेच्या आदल्या दिवशी मुलगा अभिमन शाळेच्या पडवीत पत्रे बघायला गेला, तो तणतणतच परत आला. मागोमाग छगन.

"ते लुगडं झाकायचं!"

"भाऊ, लुगडंच झाकलं तर आबांचं उरलं काय? जन्म, बैलजोडी आणि नारळ-शाल!"

"तुला काय जातं बोलायला? मी शाळेत जायचो तेव्हा पोरं कमरेवर हात ठेवून माझ्या मागं चालायची. नाचीचा, नाचीचा म्हणून! आता माझ्या पोरांच्या मागं चालू देत?" तो आईकडे वळला. "माय, तूच सांग याले."

दोघंही तिच्याकडे बघायला लागले. खाटेवरचा तिसराही.

भिकुबाईनं पदर तोंडाला लावला. भाकर अभिमनची, औषध अभिमनचं. आणि पोरगा खोटं बोलत नव्हता. त्या पोरांना दगड मारून हुसकावणारी तीच होती.

"तुमना मनमा येई तसं करा," ती म्हणाली आणि रिकामी कळशी उचलून आत गेली.

पडवीत शेवटी अभिमनचंच चाललं, पण चित्र नव्यानं काढायला वेळ कुठला? छगननं लुगड्यावर पांढरं धोतर रंगवलं, वर काळा कोट, अंबाड्यावर फेटा. उभं राहणं तेवढं तसंच राहिलं.

जत्रेत भिकुबाई मुद्दाम बघायला गेली. जन्माच्या चौकटीपाशी लोक थांबले, पुढं सरकले. बैलजोडीपाशीही तसंच. मग ती चौकट आली. कोट-फेट्यातला बाप्या, हात कमरेवर, मान कलती.

"दखा रे, पाटील बाईसारखा लाजना!" कुणीतरी ओरडलं.

खसखस पिकली. एका रिकामटेकड्यानं तिथंच कमरेवर हात ठेवून मान मुरडली. लोक पोट धरून हसायला लागले.

अभिमन तिथंच उभा होता. कानाच्या पाळ्या लाल, नजर मातीत. छगन घाईघाईनं पुढं आला. "अक्का, मी तरी काय..." तिनं हातानंच त्याला थांबवलं. कुणाला बोलणार? त्या कोटाच्या आत ती स्वतःच उभी होती. पायावरचा भार तिचा, मान तिची.

ती घरी परतली. वनाचे डोळे दाराशीच लागलेले.

"हिरवा... बराबर लाया का त्यानी?"

"हा. एकदम बराबर."

"लोकेस्नी दखं?"

"बठ्ठास्नी, सारा गावनी दखं."

शाळेचं मैदान घरापासून लांब नव्हतं. हसण्याचा पुन्हा एक लोंढा आला, थेट ओट्यापर्यंत. भिकुबाई उठली आणि उगाच भांडी वाजवायला लागली. वनाच्या चेहऱ्याची चांगली बाजू हळूहळू आक्रसली. आयुष्यभर त्यानं लोकांचा आवाज ओळखला होता, आता कसा चुकणार?

"मी उभा ऱ्हायनू की कोनी हासे नही," तो म्हणाला. शब्द एकेक ओढत. "आते... काबरं हासतस?"

भिकुबाईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. मैदानातून पुन्हा हसणं आलं.