आईवर धरलेला फोकस

आई गेल्यावर चौथ्या दिवशी लक्षात आलं, तेरवीला ठेवायला तिचा एकही धड फोटो नाही. कॅमेरा दिसला की ती तोंड फिरवायची. मोबाईलवर एक होता. मागच्या वर्षी अकोल्याला भाचीच्या लग्नात, मंडपाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून, मोबाईलचा पडदा दोन बोटांनी ताणून मी काढलेला. अमरावतीच्या स्टुडिओत तो मोठा करून पाहिला, तर चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोनी ठिपके. मोठं केलं म्हणजे स्पष्ट होतं, असं मी समजत आलो होतो.

बडनेऱ्याहून गाडी धरली आणि त्या लग्नाचं शूटिंग करणाऱ्या फोटोग्राफरकडे अकोल्याला गेलो. नवरीच्या बाजूला बसलेली आई दाखवत मी मोबाईल पुढे केला. त्याने तो पाहिला.

"काका, हे झूम नाई. मोबाईल तुकडा कापते अन् ताणून दाखवते. जे टिपलंच नाई, ते कुठून येईन?"

त्याने व्हिडिओ कॅमेरा माझ्या हाती दिला. लेन्सची मागची, झूमची रिंग फिरवली तशी रस्त्यापलीकडची औषधांच्या दुकानाची पाटी जवळ आली, पण धूसर. पुढची, फोकसची रिंग जराशी फिरवल्यावर अक्षरं लागली. मग मागची उलटी फिरवली. पाटी लांब गेली, तरी स्वच्छच राहिली.

"आमी असंच करतो. आधी एका चेहऱ्यावर जवळ जाऊन फोकस पक्का करायचा, मंग मागं यायचं. जवळचा तुकडा नंतर काटून टाकतो."

"कुणाचा चेहरा?"

"तुमच्या आईचा. नवरीपुढं आहेरवाल्यांची गर्दी. तुमच्या आई बाजूच्या खुर्चीवर, नवरीइतक्याच अंतरावर. सारे हालून राहिले होते, त्या तेवढ्या बसून. अन् चष्म्याची काडी! फोकसले अशी रेघ लागते."

"ते तुकडे आहेत अजून?" मी विचारलं.

"डिलीट कराले टाइम कोनाले हाय?"

त्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर आई आली. आधी धूसर, मग हनुवटीवरच्या तिळासकट. पुन्हा आली, पुन्हा. अकरा वेळा. कॅमेरा आपल्यावर रोखलाय, याचा तिला पत्ताच नव्हता. मी त्याच्या स्टुलावर बसलो.

शेवटच्या तुकड्यात ती हात उगारून कुणाला तरी दटावत होती: मंडपाच्या टोकाला लोकांच्या आड मोबाईल धरून उभ्या राहिलेल्या मला. मी तोच निवडला.

"रागावल्यासारख्या दिसतात," घरी बायको म्हणाली.

"दिसू दे," मी म्हटलं.