नासिरला पाठवलेले चांगले माऊस

नासिर गेल्याचं त्याच्या मुलीनं, सनानं, फोनवर कळवलं तेव्हा मी अमरावतीच्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये फळा पुसत होतो. "काका, अब्बू सकाळी गेले..." एवढंच ती बोलली. मी अकोल्याला पोहोचेपर्यंत दफन उरकलं होतं. त्या गर्दीत मला कुणी काही विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं.

आम्ही अकोल्यात एका बाकावर शिकलो. मी अमरावतीला क्लास काढला. तो घराच्या पुढच्या खोलीत आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर दुरुस्त करत राहिला. कापसानं खेड्यांचं कंबरडं मोडलं त्या वर्षांत माझ्या क्लासमधली मुलं एकेक करून यायची थांबली. नवे माऊस घेणं परवडेना, आणि जुन्यांचं डावं बटण थकलेलं; एकदा दाबलं तरी दोनदा लागायचं. असे माऊस पिशवीत भरून मी जवळच्या बडनेऱ्याहून अकोल्याला रोज अपडाऊन करणाऱ्या एका शिक्षकाच्या हाती नासिरकडे पाठवायचो. बटणाखाली शेंगदाण्याएवढा स्विच असतो. ब्लेडच्या टोकानं त्याचं झाकण उचलून नासिर आतली तांब्याची पत्ती चिमट्यात धरायचा, घासायचा, किंचित वाकवून पुन्हा अडकवायचा आणि कानाशी नेऊन दाबायचा. पत्ती तुटलेलीच असली तर एखाद्या मेलेल्या माऊसच्या उजव्या बटणाचा स्विच काढून डावीकडे बसवायचा. "उजवं बटण म्हंजे सरकारी नोकर," तो म्हणायचा, "झिजतच नाई ना बे!"

पुढे माऊस स्वस्त झाले. लोक बिघडलेला फेकून नवा घेऊ लागले, मीही त्यातलाच. त्यात नासिरला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात परत आला, पण कापरा. भाभी फोनवर म्हणाल्या, "काम नहीं, फिर भी दिनभर टेबल के सामने बैठे रहते हैं, भाई." मला राहवलं नाही. क्लासच्या कपाटातले पाच माऊस मी पिशवीत घातले आणि डावं बटण बिघडलंय असा निरोप दिला. पाचही चांगले होते. ते परत आले, मी पुन्हा तसेच दुसरे पाठवले. तिसऱ्या खेपेला त्याचा फोन आला.

"सत्या, आतली पत्ती कोरी हाये."

"अरे, मुलं म्हणत होती की..."

"पोट्ट्यांचं नाव नको सांगू. पयल्या खेपीलेच समजलं होतं मले. म्हटलं, चुकला असन. तू माऊस पाठवून राहिला का खैरात?"

मी विषय बदलून त्याच्या हाताची चौकशी केली.

"हात कापते माहा, डोकं नाई कापत," तो म्हणाला. मग आवाज उतरला. "खराब असन तर पाठव. चांगला असन तर सोता घेऊन ये. चहा पिऊ."

येत्या रविवारी येतो म्हणालो. गेलो नाही. त्या रविवारी परीक्षा होती, पुढच्या रविवारी पाहुणे. पुढे तर कारणही लागेना. खरं एवढंच की त्याच्या डोळ्यांत बघायची मला लाज वाटत होती. बडनेऱ्याहून मूर्तिजापूर गेलं की अकोला येतंच, पण मला दया पिशवीत भरून पाठवता येत होती, स्वतःला नेता येत नव्हतं. तो मात्र त्यानंतर एकदाही फोन करून "काहून नाई आला?" म्हणाला नाही. रागावला असेल असं मी धरून चाललो, आणि त्या रागाआड लपायला मला बरंच वाटत होतं.

गेल्या रविवारी अखेर त्याच्या घरी गेलो. भाभी इद्दतीत, नवऱ्यामागे पाळायच्या एकांतात, आतल्या पडद्याआड. सनानं पुढची खोली उघडली. टेबलावर चिमटे, भिंग, सुट्या स्विचांची डबी... अलीकडे त्याचं स्टूल. आणि पलीकडे, जिथे कधीच काही नसायचं, तिथे एक नवी कोरी प्लॅस्टिकची खुर्ची. पाठीवरचं पॉलिथिनसुद्धा काढलेलं नाही.

"ही कुणाची गं?"

"तुमच्यासाठी आणली होती, काका. अब्बू म्हणे, सत्याचे गुडघे दुखते, स्टुलावर कसा बसन. दर इतवारी सकाळी पुसून ठेवत होते."

आतून भाभींचा आवाज आला, "सना, भाई को बिठा. चाय चढ़ा."

मी बसलो. पाठीमागे पॉलिथिन करकरलं. समोरचं स्टूल हात पुरेल इतकं जवळ होतं.