गाडी झोपेपर्यंत

वायरमन कामावर एक दिवसही झोपला नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण गॅरेजवाल्यांची अख्खी गल्ली त्याला अकरा वर्षं झोप्या म्हणत होती, आणि त्याची सख्खी आईसुद्धा गल्लीच्याच बाजूने होती.

झालं होतं असं. तेव्हा तो मोठ्या गॅरेजात गाड्यांची वायरिंग बघायचा. नोकरी आईने लावलेली. ती तिथल्या कामगारांचे कपडे शिवायची, तिनेच फोरमनकडे शब्द टाकला होता, "माझा मुलगा डोळ्यात तेल घालून काम करेल." एकदा एक गाडी आली. रात्रभर नुसती उभी ठेवली तरी सकाळी बॅटरी उतरलेली. वायरमनने बॅटरीच्या मायनसची वायर काढली, मध्ये मीटर जोडला, दारं लावली, चावी लांब नेऊन ठेवली आणि एका उलट्या डब्यावर बसून राहिला. नव्या गाड्या बंद केल्या म्हणजे लगेच गप्प होत नाहीत. आतली यंत्रं एकेक करून निजायला अर्धा तास घेतात. सगळी निजल्यावरही मीटरवर मोठा आकडा उरला, तर आत कुणीतरी करंट खातंय. तोवर गाडीला बोटसुद्धा लावायचं नाही, नाहीतर ती परत जागी होते.

फोरमन जुन्या गाड्यांवर वाढलेला. वायर उचलायची, ठिणगी उडते का बघायचं, निकाल लावून मोकळं व्हायचं. पंचविसाव्या मिनिटाला तो तिथून चालला होता. हनुवटीला हात लावून बसलेला वायरमन दिसला आणि त्याचं टाळकंच सटकलं. त्याने खाडकन गाडीचं दार उघडलं, हॉर्न दाबून धरला आणि ओरडला, "झोपायला ठेवलंय का रे तुला इथे?"

मीटरवरचा आकडा टुणकन वर उडाला. "साहेब, मी नाही, गाडी झोपतेय!" वायरमन कळवळून म्हणाला.

झालं! सगळं गॅरेज खदाखदा हसलं. फोरमनने नवी बॅटरी टाकून गाडी पाठवून दिली. चौथ्या दिवशी ती दोरीला बांधून परत आली आणि खापर वायरमनच्या डोक्यावर फुटलं. नोकरी गेली. एवढ्यावर भागलं नाही. फोरमनने आईला बोलावून घेतलं आणि दहा कामगारांसमोर सांगितलं, "बाई, तुमचा मुलगा कामावर झोपतो."

आईने त्या गॅरेजची शिलाई सोडली, पण मुलाला काही सोडलं नाही. उठता बसता तेच, "डोळे उघडे ठेवले असतेस तर?" तो समजवायला गेला की म्हणायची, "गाडी झोपते म्हणे! उद्या म्हणशील घोरते."

वायरमनला दुसरं काही नको होतं. खरं काय झालं ते आईने फोरमनच्या तोंडून ऐकायला हवं होतं, बस्स. दातओठ खात त्याने स्वतःचं छोटं दुकान टाकलं. उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल तर त्याच्याकडे जा, असं जे हसले होते तेच आता गिऱ्हाइकांना सांगू लागले. नाव मात्र झोप्याच.

आणि एका सोमवारी भर दुपारी फोरमनची गाडी दोरीने ओढत दारात आली. म्हातारा रिटायर झाला होता, पण गुर्मी कायम.

"दोन बॅटऱ्या बदलल्या," तो उतरता उतरता म्हणाला. "गॅरेजातले आताचे सगळे गाढव आहेत. तू बघ जरा."

वायरमनने बॅटरी चार्ज केली, मीटर जोडला, दारं लावली आणि स्टूल पुढे सरकवलं. "बसा साहेब. गाडीला हात लावायचा नाही."

पाचव्या मिनिटाला फोरमन उठला. "बसा." दहाव्या मिनिटाला पुन्हा उठला. "बसा म्हणतो ना!" पुढची वीस मिनिटं तो माणूस मांडीवर हात ठेवून आकड्याकडे बघत बसला, आणि वायरमनला काय गार वाटलं म्हणून सांगू! गाडी निजली, तरी आकडा हवा त्याच्या वीसपट. वायरमनने बॉनेटमधले फ्यूज एकेक करून उपसले. अकराव्याला आकडा धप्पकन खाली बसला. त्या फ्यूजच्या वायरीवर पुढच्या काचेजवळचा स्क्रीन जोडलेला होता.

"हा स्क्रीन कोणी बसवला?"

"मीच. का?"

"छान बसवलाय," वायरमन म्हणाला. चावी काढली तरी करंट चालू राहतो त्या वायरीला म्हाताऱ्याने जोड दिला होता. स्क्रीन वरून काळा दिसायचा आणि आतून टक्क जागा. वायरमनने फ्यूज होता तिथे परत बसवला आणि बॉनेट लावून टाकलं.

"सापडलं?"

"सापडलं. दुरुस्त करीन, पण आधी घरी येऊन माझ्या आईला सांगा, त्या दिवशी झोपलं कोण होतं आणि दार कोणी उघडलं."

फोरमन लालबुंद झाला. "तुझ्यासारखे छप्पन्न बघितलेत!" म्हणाला आणि गाडी घेऊन गेला. गल्लीत आणखी दोघांकडे जाऊन आला. दोघांनी झोप्याचाच पत्ता दिला. पाचव्या दिवशी स्वारी पायी आली. "चल," एवढंच म्हणाली.

आता इथे वायरमनने एक हरामखोरी केली, ती काही लपवत नाही. आईला कानाच्या मशीनशिवाय ऐकू येत नसे. तो घराच्या जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळत पुढे वर गेला आणि साफ करून देतो असं सांगून मशीनमधला सेल काढून घेतला. मग दार सताड उघडं ठेवलं.

आई शिवायला बसली होती. फोरमन तिच्याजवळ वाकला आणि खालच्या आवाजात काहीतरी पुटपुटला.

"काय?" आई म्हणाली.

"तुमचा मुलगा झोपला नव्हता!" फोरमनने आवाज चढवला. जिन्यात एक दार उघडलं.

"कोण झोपला?"

"कोणी नाही! गाडीचं दार मी उघडलं! तो बरोबर होता!" आणखी दोन दारं उघडली.

"मोठ्याने बोला. चूक कोणाची?"

"माझी! माझी होती चूक!" म्हातारा घाम पुसत असा ओरडला की वरच्या मजल्यावरची मंडळी कठड्यावर आली. मग तो कुणाकडे न बघता जिना उतरून गेला. वायरमनला वाटलं, जन्माचं उट्टं निघालं.

तो आत वळला तर आईने तळहात पुढे केला होता. "सेल दे माझा."

वायरमन चपापला. "तुला ऐकू येत होतं?"

"हातभर अंतरावर माणूस बेंबीच्या देठापासून ओरडतोय, त्याला मशीन कशाला लागतं? 'झोपला नव्हता' म्हणाला तेव्हाच ऐकलं."

"मग परत परत का बोलायला लावलंस त्याला?"

आईने डोळे पुसले, पण आवाजात ओल नव्हती. "त्याच्या एका शब्दावर मी पोटच्या पोराला अकरा वर्षं खोटं ठरवलं. तीनदाच ओरडला. स्वस्तात सुटला मेला."