आमचा ठोका सरळ करू नका!

किस्से कुणी मुद्दाम जमवत नसतं. राग आला की माणूस तेवढ्यापुरतं ओरडतो, गप्प बसतो. मग चहाला चार जण जमले की तोच राग किस्सा होऊन बाहेर येतो. आमच्या एका अल्बमपायी माझ्याकडं इतके किस्से साठलेत, की गाणी त्यांच्यापुढं कमी पडावीत!

कळंबात खताच्या दुकानावर माझा स्टुडिओ आहे. मी म्युझिक प्रोड्यूसर, म्हणजे चाल, वाद्यं, रेकॉर्डिंग, सगळं जुळवणारा. सोल, डिस्को, रेगे, जॅझ असं सगळं परदेशी संगीत एकत्र आणून मराठी अल्बम करायचं डोक्यात घेतलं. गायला मुरूम गावची सुनंदा. क्लॅरिनेटला लग्नाच्या बँडमधले आप्पा. कॉम्प्युटरवर दत्ता.

*

रेगेत गिटार ठोक्यावर वाजत नाही, दोन ठोक्यांच्या मधे वाजते. सगळी गंमत त्यातच. ती जमवता जमवता मी रडकुंडीला आलो होतो. जमली एकदाची! मग तुळजापूरला पाहुण्यांकडं जाऊन आलो, तर दत्ता एकदम खुशीत.

"दादा, तुमचे समदे ठोके चुकले होते. म्या कॉम्प्युटरवर धरून सरळ केले!"

ऐकलं, तर रेगेचा पार वरातीतला नाच झालेला.

"अरे, मुद्दाम होतं ते!"

"मुद्दाम चुकलं तरी चूकच की, दादा!"

*

अल्बम ऑनलाइन टाकायला पुण्याच्या एका कंपनीला फोन केला.

"कुठून बोलताय?"

"धाराशिव जिल्ह्यातून."

"अच्छा, देवीची गाणी!"

का? आमच्याकडं माणसं दुसरं काही गातच नाहीत?

"नाही हो. सोल आहे, डिस्को आहे…"

"सोल म्हणजे आत्मा ना? मग भक्तिगीतांतच टाकतो की!"

मी तापलो. "आणि जॅझ?"

"त्याला शब्द आहेत?"

"नाहीत. नुसतं क्लॅरिनेट."

"मग ते ध्यानधारणेत!"

आप्पांचं क्लॅरिनेट ऐकून ध्यान लागलेला माणूस मला अजून भेटायचाय. भिंतीवरची पाल पळते!

*

एक चॅनेलवाला मुलाखतीला आला. मला विचारलं संगीताबद्दल, आप्पांना विचारलं रियाजाबद्दल. सुनंदाकडं वळला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही इकडं रेकॉर्डिंगला आल्यावर घरी स्वयंपाक कोण करतं?"

सुनंदानं उलट विचारलं, "आप्पांला न्हाय इचारलं ते?"

चॅनेलवाला गोंधळला. आप्पा आपले सरळ मनाचे, त्यांनी उत्तर देऊन टाकलं, "आमच्यात सूनबाई करती."

"मग मुलाखत तिची घ्या!" असं म्हणून सुनंदा उठूनच गेली.

*

निवडणूक आली. एका सकाळी रस्त्यावरून आमचाच डिस्को ऐकू आला. मी हरखून खाली पळालो. बघतो तर रिक्षावर भोंगा, आणि सुनंदाच्या शब्दांच्या जागी उमेदवाराचं नाव! मी रिक्षा आडवी घातली… म्हणजे रिक्षापुढं मीच आडवा झालो.

"हे माझं गाणं आहे! कुणाला विचारून घेतलं?"

ड्रायव्हर खाली उतरला, माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला.

"तुमचं हाय व्हय? लई भारी! मग तुमचं मत बी आपलंच धरतो!"

*

शेवटी कळंबातल्याच एका हॉलमध्ये अल्बमचा कार्यक्रम ठेवला. त्यात सुनंदाचं एक संथ गाणं होतं. आई गेल्यावर तिनं स्वतः लिहिलेलं. सरावात ते कधी पुरं झालंच नाही, मधेच तिला रडू फुटायचं. त्या दिवशी मात्र आवाज असा लागला, की हॉलमध्ये कुणी खोकेना.

दुसऱ्या कडव्याला प्रमुख पाहुणे आले. उशिरा! आणि सूत्रसंचालकानं गाणाऱ्या बाईच्या हातातला माईक सरळ काढून घेतला.

"गाणं नंतर होईल. आधी पाहुण्यांचा सत्कार!"

माझं डोकंच फिरलं. पण मी उठेपर्यंत सुनंदा पायऱ्या उतरून खाली, लोकांत गेली आणि तिथूनच, माईकशिवाय, तेच कडवं पुन्हा उचललं. मागोमाग आप्पा क्लॅरिनेट घेऊन उतरले. लोकांनी खुर्च्या फिरवल्या. स्टेजवर पाहुणे शाल पांघरून उभे, आणि समोर सगळ्यांच्या पाठी.

सूत्रसंचालक माईकवर ओरडला, "कृपया पाहुण्यांकडं तोंड करून बसा!"

मागच्या रांगेतून एक म्हातारी तितक्याच जोरात ओरडली, "त्येंलाच म्हणावं खाली येऊन बसा. हितं चांगलं ऐकू येतंय!"