डोक्यावर पासपोर्ट घेऊन केलेली आंघोळ

हसू नका म्हणून सांगण्यात अर्थ नाही, तुम्ही हसणारच. फक्त हातातला चहा आधी संपवा. हा किस्सा ऐकताना आमच्या शेजारच्या फ्रान्सिसच्या नाकातून चहा आला होता, आणि तो माणूस स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा हसलेला नाही!

तर झालं असं, की मी जपानला गेलो. मी म्हणजे देवबागचा तांडेल. घरात पाहुण्यांसाठी खोल्या, खाडीत होडी, आणि सीझनमध्ये पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायचा धंदा. आमची मुलगी प्राची टोकियोत नोकरीला असते. तिनं हट्टच धरला, म्हणून मी आणि बायको, सुलू, अशी दोघं निघालो. सुलूनं बॅगेत कपडे कमी आणि मसाला जास्त भरला होता. असो.

आता गंमत बघा. मी स्वतः गाइड आहे! आणि गाइड काय काय थापा मारतो, हे गाइडशिवाय कुणाला माहीत असणार? डॉल्फिन दिसत नसला की मी समुद्राकडे बोट करून ओरडतो, "तो बघा, तो बघा!" सगळी होडी तिकडे वळते. मग मी हळहळतो, "अरेरे, तुम्ही वळेपर्यंत गेला की हो!" पाहुणे एकमेकांवर चिडतात, माझ्यावर नाही. अशा माणसाला तुम्ही दुसऱ्या गाइडच्या झेंड्यामागून चालायला लावलंत, तर त्याच्या मनात काय येईल सांगा!

प्राचीला त्या दिवशी ऑफिस होतं. तिनं आमची एका दिवसाची सहल ठरवून दिली. बसनं हाकोनेला जायचं, ज्वालामुखीचा डोंगर बघायचा, गरम पाण्याच्या कुंडात आंघोळ करायची आणि तळ्यातून बोटीनं फिरून परत. बरोबर गाइड, सातोबाई. एवढीशी मूर्ती, हातात पिवळा झेंडा, आणि सकाळपासून चेहऱ्यावर हसू. उतरणाऱ्याला वाकून नमस्कार, चढणाऱ्याला वाकून नमस्कार.

मी सुलूच्या कानात म्हटलं, "बाई लयच हसता गो. काय तरी गोम आसा."

"अवो, चांगली माणसा हसतत," सुलू म्हणाली. "तुमका सवय नाय."

बस घाट चढायला लागली. सुलूला घाट लागतो. तिनं घरच्या आमसुलांची पिशवी काढली. आमच्याकडे त्यांना सोलं म्हणतात. घरची ती, चांगली ओली, मिठात मुरलेली. एक तोंडात टाकून ती डोळे मिटून बसली आणि पिशवी माझ्या पाठपिशवीत कोंबली.

वर पोचलो, बसचं दार उघडलं, आणि असा वास आला म्हणून सांगू! कुजक्या अंड्यांचा. सुलूनं डोळे उघडले आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"मी नाय गो!"

"मगे कोण?"

तेवढ्यात सातोबाई म्हणाल्या, हा गंधकाचा वास आहे, डोंगरातून येतो. सुलूला पटलं नसावं. दिवसभर ती माझ्यापासून एक सीट सोडून बसली.

समोर डोंगराच्या कुशीतून पांढरा धूर भसाभस वर येत होता. लोक आ वासून फोटो काढत होते. मला काही तो धूर खरा वाटेना. इतक्या शिस्तीत धूर कधी असतो का? मी म्हटलं, "खाली बॉयलर बसवलेलो आसतलो. पाहुणे इले की चालू करतत."

मग काळी अंडी आली. खरंच काळी, कोळशासारखी! सातोबाई म्हणाल्या, ही गंधकाच्या पाण्यात उकडतात म्हणून टरफल काळं होतं, आणि एक अंडं खाल्लं की आयुष्य सात वर्षांनी वाढतं. बघा! मी सुद्धा इतकी मोठी थाप कधी मारली नाही. मी रुमाल ओला केला आणि अंडं घासायला बसलो. रंग काही जाईना. म्हणजे रंग चांगल्या प्रतीचा होता.

सुलूनं मात्र अंडं सोललं, अर्धं खाल्लं, आणि अर्ध्यावर थांबून विचारात पडली.

"काय झाला?"

"तुमच्याबरोबर आणखी सात वर्सां?" म्हणाली, आणि उरलेलं अर्धं मला दिलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. खरा घोळ पुढे झाला.

बस त्या आंघोळीच्या जागेपाशी थांबली. उतरायच्या आधी सातोबाईंनी नियम सांगितले. कपडे सगळे काढायचे. सगळे? हो, सगळे. वस्तू लॉकरमध्ये ठेवायच्या. छोटा पांढरा टॉवेल मिळेल, तो पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे.

मी मनात म्हटलं, वा! म्हणजे माणसाला आधी नागडा करायचा, मग उकळत्या पाण्यात बसवायचा, आणि त्याची पँट, पाकीट, पासपोर्ट पलीकडच्या खोलीत. ओरडत मागे धावायचं म्हटलं तरी धावणार कसा? चोरीची इतकी सुबक सोय मी तर कुठे बघितली नव्हती!

"अवो, लॉकराक चावी आसा," सुलू म्हणाली.

"चावी माझ्या खोल्यांका पण आसा. आणि प्रत्येक चावीचो दुसरो जोड माझ्याकडे आसा."

"माझो पासपोर्ट पर्सीत आसा आणि पर्स लॉकरात जातली. तुमचा तुमी बगा." एवढं बोलून ती उजवीकडच्या पडद्याआड गेलीसुद्धा.

आता मी एकटा. पाकीट गेलं तर गेलं हो, पण पासपोर्ट गेला तर मी कोण? जपानात मला ओळखतो कोण? ठरवलं, पासपोर्ट जवळच ठेवायचा. पण जवळ म्हणजे कुठे? अंगावर तर खिसासुद्धा नाही!

आणि मग मला ती कल्पना सुचली. टॉवेल डोक्यावर ठेवायचाच आहे ना? मग पासपोर्ट टॉवेलात! पाठपिशवीत प्लास्टिकची पिशवी शोधली तर सुलूची सोलांची पिशवी हाताला लागली. तळाला पाच-सहा सोलं होती. काढणार होतो, पण म्हटलं राहू देत. उद्या कुणी पिशवी उघडलीच, तर वर सोलं दिसली की नाक मुरडून बंद करील. मी पासपोर्ट खाली सरकवला, वर सोलं पसरली, पिशवी टॉवेलात गुंडाळली आणि डोक्यावर गाठ मारून मुंडासं बांधलं. स्वतःवर इतका खूश झालो म्हणून सांगू!

अंग धुऊन कुंडात उतरलो. पाणी असं गरम, की कुर्ल्या-खेकड्यांना टोपात टाकल्यावर काय वाटत असेल ते कळलं. वाफेत इकडे तिकडे बघितलं, तर काय! पाण्यात बसलेल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यावर टॉवेलाची घडी! मी थक्क झालो. म्हणजे यांचासुद्धा लॉकरवर विश्वास नाही! सगळ्यांनी आपापला ऐवज डोक्यावर घेतलाय! मला एकदम त्या देशाबद्दल आपुलकी वाटली.

जरा वेळानं लक्षात आलं, समोरचा एक म्हातारा माझ्याकडे टक लावून बघतोय. माझ्याकडे नाही, माझ्या डोक्याकडे!

मी नजर फिरवली. पुन्हा बघितलं. अजून तिथंच बघतोय. मग तो पुढे सरकला आणि म्हणाला, "दाइजोबु?"

दाजीबा? मी कुणाचा दाजीबा? आधी ओळख काढायची आणि मग हात मारायचा, ही तर आमच्या बाजारातली जुनी रीत. मी म्हटलं, "नो दाजीबा. तांडेल." आणि बाजूला सरकलो.

तो मागोमाग. मी दगडाला वळसा घातला. त्यानं वळसा घातला. दोन पिकलेले बाप्ये, अंगावर सूत नाही, आणि गरम पाण्यात एकमेकांभोवती फेऱ्या! शेवटी त्यानं माझ्या मुंडाशाकडे बोट केलं आणि मोठ्यानं ओरडला, "ची! ची!"

छी? मला? आता मात्र माझं डोकं सणकलं. "छी तू! तुझो बापूस छी!" मी ओरडलो, आणि दोन्ही हातांनी मुंडासं घट्ट धरलं.

तर तो आणखी घाबरला. "ची! ची!" करत काठावर गेला आणि कुणाला तरी हाका मारायला लागला. कुंडातले बाकीचे भराभर बाहेर पडले. दोन कामगार धावत आले. एकाच्या हातात पेटी, दुसऱ्याच्या हातात चादर. दोघंही सरळ माझ्या डोक्यावर!

म्हणजे टोळी होती, टोळी! एक हेरायला, दोन उचलायला. ते टॉवेल सोडवायला बघतायत, मी सोडत नाही. ते प्रेमानं काही तरी सांगतायत, मी शिव्या घालतोय. तेवढ्यात पडद्यापलीकडून सातोबाईंचा आवाज आला, "मिस्टर तांडेल! प्लीज! लेट देम टेक इट!"

अरे देवा! बाईच टोळीची म्होरकी! मी सकाळपासून सांगत नव्हतो?

मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "पोलीस! पोलीस!"

त्यावर तो म्हातारा माझ्यासमोर आला, ताठ उभा राहिला, स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "पोरीसु."

आता मला सांगा, अंगावर चिंधी नसलेला माणूस पोलीस आहे हे ओळखायचं कसं? मी मुळीच विश्वास ठेवला नाही. पुढे होऊन त्याला ढकलायला गेलो, पाय सरकला, आणि एवढा वेळ त्या पाण्यात उकडल्यामुळे डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी मटकन खाली बसलो. त्यांनी मला चादरीत गुंडाळलं आणि उचलून बाहेरच्या बाकावर आणून झोपवलं. मुंडासं मात्र मी सोडलं नव्हतं हं!

बाहेर सगळी बस गोळा झालेली. सुलू गर्दीतून वाट काढत आली, आणि मला बघून तिनं जी किंकाळी फोडली, ती अजून कानात आहे.

"अवो! रगात! खंय लागला तुमका?"

रक्त? मी चेहऱ्यावरून हात फिरवला. हात लालभडक! कपाळ, गाल, मान, छाती, सगळीकडून लाल ओघळ. पांढरा टॉवेल लाल. चादर लाल. मी मेलो की काय, असं वाटून मी स्वतःलाच चिमटा काढला. सुलू रडत होती हो! माझा हात दोन्ही हातांत धरून रडत होती, आणि सातोबाई फोनवर अँब्युलन्स बोलवत होत्या.

रडता रडता सुलू अचानक थांबली. तिनं वास हुंगला. माझ्या गालावरून बोट फिरवलं आणि ते बोट चाटलं.

सगळी गर्दी दोन पावलं मागे सरकली. सातोबाईंच्या हातातला फोन खाली आला. भारतात बायका नवऱ्याचं रक्त चाखून बघतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"ह्यां रगात नाय," सुलू म्हणाली. आवाज एकदम बदललेला. "ही माझी सोलां!"

आणि तिनं एका झटक्यात मुंडासं सोडलं. आतून पिशवी निघाली, तोंड उघडंच. पिशवीतून वाफेनं फुगलेली सोलं निघाली. सोलांखालून, लाल रसात पोहत, भारत सरकारचा पासपोर्ट निघाला.

कुणी हसलं नाही. तेच तर वाईट! हसले असते तर बरं झालं असतं. सातोबाईंनी सगळं समजावून सांगितलं. 'ची' म्हणजे त्यांच्या भाषेत रक्त. 'दाइजोबु' म्हणजे 'बरे आहात ना?' आणि तो म्हातारा खरोखरच पोलिसातून रिटायर झालेला. तोवर तो कपडे घालून आला होता, आणि मला घाबरवल्याबद्दल वाकून माझी माफी मागत होता! मागोमाग कामगारांनी माफी मागितली. मालकानं माफी मागितली. माझ्या सोलांनी लाल केलेलं सगळं कुंड उपसून धुवायला घेतलं होतं, आणि तरी तेच माझी माफी मागत होते. माझ्यामुळे आमच्या बसची तळ्यातली बोट चुकली. परतीच्या वाटेवर कुणी मला एका शब्दानं बोललं नाही, फक्त प्रत्येक जण उतरताना विचारत होता, "दाइजोबु?"

प्राचीला हे सगळं सुलूनं सांगितलं. त्यानंतर दोन दिवस घरात माझ्याशी फक्त टीव्ही बोलत होता.

परतीच्या दिवशी विमानतळावर गेलो. सुलूच्या पासपोर्टवर टप्पकन शिक्का बसला. माझा पासपोर्ट साहेबानं उघडला आणि तो थांबला. पानं गुलाबी. फोटोतला मी कपाळापासून हनुवटीपर्यंत लाल, जणू नुकताच खून करून स्टुडिओत आलोय. साहेबानं पासपोर्ट हुंगला. शेजारच्याला हुंगायला दिला. तिसरा आला, त्यानंही हुंगला. मग मला बाजूला उभं केलं आणि विचारलं, तुम्ही एकटे प्रवास करताय?

"नो, नो! माय वाइफ!" मी सुलूकडे बोट केलं.

साहेब तिच्याकडे गेला. अदबीनं विचारलं, मॅडम, हे गृहस्थ तुमच्याबरोबर आहेत का?

सुलूनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पर्स खांद्यावर नीट केली. आणि जन्मात कधी बोलली नव्हती इतक्या खणखणीत इंग्रजीत म्हणाली, "नो सर. आय डोन्ट नो हिम."

आणि त्या साहेबानं तिच्यावर ताबडतोब विश्वास ठेवला हो!